वर्धा नदी सरहद्द का झाली?

१७ डिसेंबर १८०३ रोजी एलिचपूरजवळच्या देवगावात नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक आणि बालासोरचा प्रांत सोडावा लागला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडावरही पाणी सोडावं लागलं. गाविलगड, नरनाळा आणि लगतचा चार लाख उत्पन्नाचा मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. सोडलेलं वऱ्हाड पुढच्याच वर्षी कंपनीने निजामाच्या पदरात टाकलं. त्याआधी तिथे दोअमली होती. एकाच गावचा वसूल निजाम आणि भोसले वाटून घेत. तहानंतर नदीच्या अलीकडे भोसले, पलीकडे निजाम. आजही पुलगावचा पूल ओलांडला की वर्धा जिल्हा संपतो आणि अमरावती लागतो. आर्वी-देवळीकडची माणसं पलीकडच्या सोयऱ्यांना अजून ‘वऱ्हाडातले’ म्हणतात.

ही रेघ ज्या युद्धाने ओढली, ते शिंदे आणि भोसले यांनी युती करून लढलेलं युद्ध होतं. दोघांची मिळून फौज मोठी, तोफा उत्तम, शिपाई शूर. तरीही ऑगस्ट ते डिसेंबर एवढ्या पाच महिन्यांत सगळं आटोपलं. असं का झालं, यावर आपल्याकडे दोन मतं हमखास ऐकू येतात. ती दोन माणसांच्या तोंडी घालून इथे समोरासमोर ठेवली आहेत. एक देवळीचे निवृत्त इतिहास शिक्षक, दुसरे सैन्याच्या रसदपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, पुलगावला स्थायिक झालेले सुभेदार. माणसं कल्पित आहेत. युद्ध, तारखा आणि तह खरे आहेत.

गुरुजी : सुभेदारसाहेब, मला यात काही कोडं वाटत नाही. मराठे हरले ते आपसातल्या वैरामुळे. १८०१ साली पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. त्याचा सूड म्हणून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून बसला. म्हणजे इंग्रजांशी युद्ध सुरू झालं तेव्हा पेशवा इंग्रजांच्या गोटात, बडोद्याचे गायकवाडही तिकडेच, होळकर माळव्यात तटस्थ. पाचांपैकी उरले दोन. पाच एक असते तर कंपनीची काय बिशाद होती?

सुभेदार : गुरुजी, पाच एक असते तर काय झालं असतं, ते सांगता येत नाही. जे दोन एक होते, ते का हरले ते आधी पाहू. एकजुटीची उणीव खरी आहे, पण सगळा दोष तिच्यावर टाकला की बाकीचा हिशेब तपासायचा राहून जातो. मी आयुष्यभर रसद पोचवली. मला नकाशा दिसला की पहिला प्रश्न पडतो तो अंतराचा. दौलतराव शिंद्यांना एकाच वेळी काय काय राखायचं होतं, सांगा बरं.

गुरुजी : दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब. ग्वाल्हेर आणि माळवा. गुजरातेत भडोच आणि पावागड. खानदेशात बऱ्हाणपूर, असीरगड. दक्षिणेत अहमदनगर.

सुभेदार : आणि भोसल्यांना?

गुरुजी : पश्चिमेला वऱ्हाड, पूर्वेला थेट समुद्राकाठचं कटक. मध्ये नागपूर आणि छत्तीसगड.

सुभेदार : म्हणजे असईच्या मैदानापासून दिल्ली हजारएक किलोमीटर. नागपूरपासून कटक सातशे-आठशे किलोमीटर, तेही जंगलातून. दोघे सरदार वऱ्हाडात मलकापूरच्या बाजूला एकत्र आले, तेव्हा त्यांच्या पाठीमागे एवढा पसारा उघडा पडला होता. कंपनीने नेमकं तेच हेरलं. अहमदनगरचा किल्ला १२ ऑगस्टला पडला. भडोच त्याच महिन्याच्या अखेरीस. अलीगड ४ सप्टेंबरला, दिल्ली ११ सप्टेंबरला. असईची लढाई २३ सप्टेंबरची. मग कटक १४ ऑक्टोबर, आग्रा १८ ऑक्टोबर, असीरगड २१ ऑक्टोबर, लासवारी १ नोव्हेंबर. ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. असईला तोफा धडाडण्याच्या आधीच शिंद्यांची दिल्ली गेली होती. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे दोघांचे पाय चारी दिशांना अंथरुणाबाहेर होते.

गुरुजी : पण मग मला सांगा, कंपनीही तेवढ्याच आघाड्यांवर लढत नव्हती का? दक्षिणेत आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन, उत्तरेत लेक, ओडिशात वेगळी फौज, गुजरातेत वेगळी, बुंदेलखंडात वेगळी. पाच ठिकाणी कंपनी, पाच ठिकाणी मराठे. पसारा हेच पराभवाचं कारण असेल तर कंपनीही बुडायला हवी होती.

सुभेदार : हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय माझं म्हणणं टिकणार नाही. कंपनीच्या पाच आघाड्या एका तिजोरीवर चालत होत्या. कलकत्ता, मद्रास, मुंबई तिन्हीकडे तिची पत होती. बनारसच्या सावकारापासून मुंबईच्या पेढीपर्यंत तिची हुंडी चालत होती. शिपायाचा पगार एका जागी अडला तर दुसरीकडून पैसा वळवता येत होता. शिंद्यांचं उलटं. उत्तरेतल्या कवायती पलटणींचा खर्च भागवायला दुआबचा मुलूख लावून दिलेला होता. ती व्यवस्था शांततेत चांगली चालली. पण अलीगड पडलं आणि दुआबचा वसूल हातून गेला, तेव्हा नुसता मुलूख गेला नाही, पलटणींचं पोट गेलं. प्रत्येक आघाडी आपापल्या भागातल्या महसुलावर जगत असेल, तर प्रत्येक पराभव दुप्पट महाग पडतो.

गुरुजी : शिंद्यांची तिजोरी आधीच रिकामी होती, हे खरं आहे. महादजींच्या पश्चात त्यांच्या विधवा बायांचं बंड झालं, त्यात फौजा अडकल्या. सर्जेराव घाटग्याने १७९८ मध्ये पैशासाठी पुण्यात जो हैदोस घातला, त्याने शिंद्यांचं नावही गेलं. पण हा पुन्हा माझाच मुद्दा झाला. घरात भांडणं नसती तर तिजोरी रिकामी झाली नसती.

सुभेदार : झाली नसती, मान्य. पण भरलेल्या तिजोरीनेही हा पसारा सांभाळला गेला नसता, असं माझं मत आहे. आता फौज कशी वाटली गेली ते पाहा. शिंद्यांच्या दख्खनमधल्या कवायती पलटणींपैकी काही उत्तरेकडे पाठवल्या गेल्या, आणि त्या शेवटी लासवारीला लेकविरुद्ध लढल्या. राहिलेल्या असईला लढल्या. दोन्हीकडे शिपायांनी शर्थ केली, दोन्हीकडे हार झाली. एका जागी सगळ्या असत्या तर कदाचित एक लढाई जिंकली असती आणि तहाला वेगळ्या तोंडाने बसता आलं असतं.

गुरुजी : असईची हकिगत तुम्ही काढलीत म्हणून सांगतो. तिथे माझं म्हणणं डोळ्यांना दिसतं. दोन नद्या, खेळणा आणि जुई, आणि त्यांच्या बेचक्यात मराठ्यांची फौज. भोकरदनच्या बाजूला घोडदळ, असईकडे पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ त्या दिवशी स्वतःची साडेचार हजारांच्या जवळपास फौज, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. वाटाडे म्हणाले, खेळणेला पुढे उतार नाही. पण त्याला नदीच्या अलीकडे पिपळगाव आणि पलीकडे वारूड अशी दोन गावं समोरासमोर दिसली. समोरासमोर वसलेल्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असणारच, असं त्याने ताडलं आणि उतार सापडलाही. तिथून तो मराठ्यांच्या बगलेवर आला.

सुभेदार : आणि पोलमनने तोंड फिरवलं.

गुरुजी : हो, आणि ती साधी गोष्ट नव्हती. हॅनोवरचा पोलमन शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी होता. त्याने सगळी रांग वळवून नवा मोर्चा बांधला. कवायतीत मुरलेल्या पलटणींनाच ते जमतं. मराठ्यांच्या गोलंदाजांनी तर अशी झुंज दिली की इंग्रजांचे लोक तोफा ओलांडून पुढे गेल्यावर, मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा वळवून त्यांनी पाठीमागून मारा केला. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर माणसं पडली. मैदानात उतरलेल्या गोऱ्या-काळ्या शिपायांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. एवढं सगळं पायदळ आणि तोफखाना करत असताना ते हजारोंचं घोडदळ काय करत होतं? शिंदे आणि भोसले दोघेही लवकरच मैदान सोडून गेले. आता सांगा, यात अंतराचा काय दोष? भोकरदन ते असई काही दिल्ली ते कटक नव्हे.

सुभेदार : नाही, तिथे अंतराचा दोष नाही. तिथे दोष हुकमाचा. पोलमनला घोडदळाला हुकूम देता येत नव्हता. भोसल्यांचं घोडदळ भोसल्यांचं, शिंद्यांचं शिंद्यांचं. प्रत्येक धन्याला आपलं घोडदळ वाचवायचं होतं, कारण उद्या घर राखायला तेच लागणार होतं. गुरुजी, इथे आपले दोन मुद्दे एकमेकांना भेटतात. ज्याचं घर शंभर जागी उघडं आहे, तो मित्राच्या लढाईत आपलं सर्वस्व पणाला लावत नाही. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. रघूजींच्या जागी उभं राहून पाहा. कटककडे इंग्रज चालून निघालेत, वऱ्हाडात स्टीव्हन्सन फिरतोय, आणि आपली घोडी शिंद्यांच्या तोफा वाचवायला मारून घ्यायची?

गुरुजी : तुम्ही रघूजींची वकिली फार चांगली करता. पण त्यांनी युती कशाला केली होती मग?

सुभेदार : घर राखण्यासाठीच. तिथेच गफलत होती. दोघांनी युती केली ती आपापला सगळा मुलूख राखण्यासाठी. कोणता मुलूख सोडायचा, याबद्दल एक शब्द ठरला नव्हता. सैन्यात आम्ही आधी ठरवतो की कुठली चौकी शेवटपर्यंत धरायची आणि कुठली सोडून मागे यायचं. ते ठरलं नसेल तर प्रत्येक चौकीत थोडे थोडे लोक राहतात आणि प्रत्येक चौकी पडते. कटकचं तेच झालं. भोसल्यांची मुख्य फौज पश्चिमेला, कटकला जेमतेम शिबंदी. ते आधीच सोडून तिथली माणसं परत बोलावली असती, तर निदान माणसं तरी वाचली असती.

गुरुजी : आपल्याच मुलखाबद्दल असं बोलणं मला जड जातं. कटक हे भोसल्यांच्या दोन पिढ्यांच्या पराक्रमाचं फळ होतं. पहिल्या रघूजींनी अलिवर्दीखानाशी झुंजून ते मिळवलं. ते कोण सोडणार?

सुभेदार : कोणी सोडलं नाही, म्हणून शत्रूने घेतलं. आणि जाताना वऱ्हाडही घेऊन गेला.

गुरुजी : बरं, आता कंपनीकडे वळू. तुम्ही म्हणता एक तिजोरी. मी म्हणेन एक डोकं. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने जून १८०३ मध्येच आपल्या भावाला दख्खनमधले लष्करी आणि राजकीय दोन्ही अधिकार देऊन टाकले. आर्थरला लढाई करायला, तहनामा करायला, युद्ध पुकारायला कलकत्त्याला पत्र पाठवून उत्तराची वाट पाहायची गरज नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला रेसिडेंट कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीतून निघाला आणि तीन दिवसांत आर्थरने युद्ध जाहीर केलं. आपल्याकडे शिंदे आणि भोसले यांच्यात पहिला मान कोणाचा, हाच प्रश्न. ही बारभाईची गत आपली पाठ सोडत नाही.

सुभेदार : एक डोकं होतं, हे खरं. पण त्या डोक्याने काय केलं ते पाहा. आर्थरने पावसाळ्यात लढाई पुकारली. का? नद्या भरलेल्या असतात. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाला त्या ओलांडता येत नाहीत. त्याने मात्र नद्या उतरायला टोपल्यांच्या नावा आधीच करून घेतल्या होत्या. म्हैसूरचे बैल, बंजाऱ्यांचे तांडे, धान्याचे साठे, सगळं आधी जुळवलं. लुटालूट करणाऱ्या आपल्याच माणसांना त्याने फासावर चढवलं. दयेपोटी नव्हे, गावकऱ्यांनी धान्य विकायला आणावं म्हणून. मराठ्यांच्या फौजेभोवती पेंढारी होते. ज्या गावातून ती फौज गेली तिथे दुसऱ्यांदा चारा मिळत नव्हता. स्वतःच्याच वाटेवरचं धान्य संपवणारी फौज फार दिवस एका जागी टिकू शकत नाही. मग लढाई तिच्या सोयीने होत नाही, शत्रूच्या सोयीने होते.

गुरुजी : हे पानिपतासारखंच झालं. भाऊसाहेबांच्या छावणीतही शेवटी उपासमारच लढाईवर घेऊन गेली.

सुभेदार : अगदी. १७६१ मध्ये पुण्यापासून पानिपतपर्यंतचा पल्ला, मधला रसदेचा दोर तुटलेला, सूरजमल जाट सोडून गेलेला. पानिपतला आपण नशीब म्हणतो, शाप म्हणतो. बेचाळीस वर्षांनी तोच हिशेब असईला चुकला, आणि आपण पुन्हा फितुरी म्हणून मोकळे झालो.

गुरुजी : फितुरीही होती बरं का. कंपनीने जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अंमलदारांनी नोकरी सोडली तर त्यांची सोय कंपनी पाहील. किती तरी जण निघून गेले. खुद्द पेराँ, उत्तरेतल्या सगळ्या पलटणींचा सेनापती, सप्टेंबरात राजीनामा देऊन इंग्रजांच्या आसऱ्याला गेला.

सुभेदार : हे मी नाकारत नाही. पण परक्या अंमलदारांवर एवढी भिस्त का ठेवावी लागली? दिल्लीत धन्याची नजर पोचत नव्हती म्हणून. दौलतराव वर्षानुवर्षं दक्षिणेत पुण्याच्या राजकारणात गुंतले, आणि उत्तर हिंदुस्थान पगारी सेनापतीवर सोडून दिला. पसारा हातापलीकडे गेला की तो दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, आणि दुसऱ्याचा हात कधीही निघतो.

गुरुजी : आता मी तुम्हाला अडचणीत टाकतो. युतीतला सगळ्यात वाईट दिवस कोणता म्हणाल? मी म्हणेन २३ नोव्हेंबर १८०३. त्या दिवशी शिंद्यांनी वेलस्लीशी शस्त्रसंधी केली, एकट्यापुरती. भोसले त्यात नव्हते. सहाच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, अडगावला वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. रघूजींचे भाऊ व्यंकोजी फौज चालवत होते. शिंद्यांचं घोडदळ मैदानात होतं, शस्त्रसंधी असूनही होतं, म्हणजे धड शांतताही नाही आणि धड लढाईही नाही. मराठ्यांच्या तोफांनी सुरुवातीला कंपनीच्या तीन पलटणी पळवल्या होत्या. वेलस्लीने स्वतः पुढे जाऊन त्या सावरल्या. शेवटी अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह. मग ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा वेगळा तह. दोन मित्र, दोन तह, तेरा दिवसांचं अंतर. यापेक्षा फुटीचा दुसरा पुरावा कोणता?

सुभेदार : पुरावा फुटीचाच आहे. पण फूट कशाने पडली? नोव्हेंबरपर्यंत शिंद्यांची दिल्ली, आग्रा, भडोच, बऱ्हाणपूर, असीरगड गेलेलं. लासवारीला उत्तरेची फौज संपलेली. त्यांना उरलेलं वाचवायचं होतं. भोसल्यांचं वऱ्हाड अजून हातात होतं, म्हणून त्यांना लढायचं होतं. दोघांचं नुकसान वेगवेगळ्या दिवशी झालं, म्हणून दोघांना शांतता वेगवेगळ्या दिवशी हवी झाली. दोघांच्या अब्रूला मी दोष देत नाही. जिथे तोटा एकत्र वाटून घेतला जात नाही, तिथे तह एकत्र होत नाही.

गुरुजी : हे वाक्य मला पटतं. पण यशवंतराव होळकरांचं काय? ते १८०३ मध्येच उतरले असते तर? १८०४ मध्ये त्यांनी मॉन्सनच्या फौजेची माळव्यापासून आग्र्यापर्यंत जी दाणादाण उडवली, ती पाहिली की वाटतं, एक वर्ष आधी हा माणूस हवा होता.

सुभेदार : मलाही वाटतं. पण होळकर का लढू शकले तेही पाहा. इंदूर कंपनीने घेतलं तरी ते थांबले नाहीत. राजधानी गेली तर गेली, फौज चालती ठेवायची, हे त्यांना जमलं. सोडायचं काय आणि धरायचं काय, ते त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांना कमी पडलं ते दुसरं. ते एकटे होते आणि पैसा नव्हता. डीग, फर्रुखाबाद इथे मार बसला, पंजाबापर्यंत जावं लागलं आणि १८०५ च्या अखेरीस तह करावा लागला. शिंदे-भोसल्यांकडे युती होती, पण सोडायची तयारी नव्हती. होळकरांकडे सोडायची तयारी होती, पण युती नव्हती.

गुरुजी : म्हणजे दोन्ही हवं.

सुभेदार : दोन्ही हवं. आणि कंपनीची शहाणी बाजू हीच. १८०५ मध्ये भरतपूरच्या किल्ल्यावर लेकचे चार हल्ले फसले. कर्ज डोईजड झालं. लंडनच्या संचालकांनी रिचर्ड वेलस्लीला परत बोलावलं, कॉर्नवॉलिसला पाठवलं. शिंद्यांना ग्वाल्हेर आणि गोहद परत दिले. आपल्या पायापेक्षा अंथरूण तोकडं पडलंय, हे कळल्यावर तिने घेतलेलं धरून ठेवायचा हट्ट केला नाही, ते परत दिलं. बारा वर्षांनी, १८१७ मध्ये, दम घेऊन ती पुन्हा आली.

गुरुजी : आणि तेव्हाही आपण वेगवेगळेच लढलो. ५ नोव्हेंबरला पेशवे खडकीला, २६-२७ नोव्हेंबरला आप्पासाहेब भोसले सीताबर्डीला, डिसेंबरात होळकर महिदपूरला. एप्रिल १८१८ मध्ये बाजीराव चांद्याच्या वाटेने आप्पासाहेबांच्या मदतीच्या आशेवर वर्धेच्या खोऱ्यात आला, तोवर मदत करायला कोणी उरलं नव्हतं. पांढरकवड्याजवळ त्याची फौज फुटली. पण सुभेदारसाहेब, सोडायच्या तयारीबद्दल माझी एक शंका आहे. सोडायचं ठरवणं फार सोपं असतं, जेव्हा सुटणारं दुसऱ्याचं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेने ठरवलं की आधी जर्मनी, मग जपान. शहाणा निर्णय म्हणून लष्करी पुस्तकांत त्याचं कौतुक असतं. पण त्या काळात सिंगापूर गेलं, रंगून गेलं, ब्रह्मदेशातून लाखो माणसं पायी चालत आली. १४ जुलै १९४२ ला इथे वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला, तेव्हा जपान आपल्या पूर्व सीमेला टेकलेला होता. आम्हाला कोणी विचारलं होतं का, तुमचा प्रांत आम्ही मागच्या रांगेत टाकतो म्हणून?

सुभेदार : नाही विचारलं. आणि तुमची शंका खरी आहे. म्हणून माझ्या म्हणण्यात एक भर घालतो. काय सोडायचं ते आधी ठरवायला हवं, आणि ते ज्याचं सुटणार त्याच्या संमतीने ठरायला हवं. शिंद्यांनी भोसल्यांना सांगितलं असतं की कटकची फौज काढा, तुमचा तोटा आम्ही दुआबातून भरून देऊ. भोसल्यांनी शिंद्यांना सांगितलं असतं की गुजरात सोडा, वऱ्हाडचा वसूल दोघांचा. तर ती खरी युती झाली असती. त्याच महायुद्धात दुसऱ्या बाजूला पाहा. जर्मनी, जपान, इटली यांनी सप्टेंबर १९४० मध्ये करार केला. एप्रिल १९४१ मध्ये जपानने रशियाशी तटस्थतेचा करार केला, जूनमध्ये जर्मनीने त्याच रशियावर स्वारी केली. डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि चार दिवसांनी जर्मनीने अमेरिकेविरुद्धही युद्ध पुकारून घेतलं. प्रत्येकाने आपला शत्रू मित्राच्या गळ्यात बांधला, ओझं मात्र कोणी वाटून घेतलं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यांची जी गत झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे.

गुरुजी : मग शेवटी माझंच खरं ठरलं. एवढा विश्वास असल्याशिवाय कोणी कोणाला ‘तुझं कटक सोड’ असं म्हणू शकत नाही.

सुभेदार : आणि माझंही. तसं म्हणायची वेळ येते ती पसारा पेलत नाही म्हणून. विश्वास होता असं धरलं, तरी हिशेब करणारा कोणी बसला नसता, तर विश्वासाने धान्य आलं नसतं.

संवाद इथे थांबवतो, कारण दोघे ज्या ठिकाणी पोचले त्याच्या पुढे माझं मत आहे. गुरुजींची एकजूट आणि सुभेदारांचा हिशेब ही दोन वेगळी कारणं नाहीत. हिशेब न करता केलेली एकजूट पहिल्या पराभवातच मोडते, आणि एकजूट नसलेला हिशेब कोणी पाळत नाही. शिंदे-भोसल्यांच्या युतीत शौर्य कमी नव्हतं; असईच्या गोलंदाजांनी ते आपल्या रक्ताने दाखवून दिलं. कमी होता तो तोटा वाटून घेण्याचा करार. दोघांनी आपापला सारा मुलूख राखायचं मनात धरलं, म्हणून कुठलाच मुलूख पुरेशा फौजेने राखला गेला नाही. ज्या युतीला आपण काय सोडायचं ते ठरवता येत नाही, तिचं काय सुटणार हे शत्रू ठरवतो. १८०३ मध्ये कंपनीने ते ठरवलं, आणि सीमा म्हणून आपली वर्धा नदी निवडली.

आपल्या शाळांत असईचा धडा एका ओळीत संपतो, देवगावचा तह तर नावानेही येत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. जिल्ह्याचा नकाशा शिकवताना पश्चिमेच्या नदीजवळ थांबा. ही रेघ निसर्गाने आखलेली सीमा नाही, हे मुलांना सांगा. फितुरी आणि नशीब एवढ्यावर उत्तर संपवू नका. धान्य कुठून येत होतं, पगार कोण देत होतं, हुकूम कोणाचा चालत होता आणि कोणाचं नुकसान कोण भरून देणार होतं, हे चार प्रश्न त्यांना विचारायला शिकवा. पराभवाचा अभ्यास लाज वाटून घेण्यासाठी करायचा नसतो. पुढच्या पिढीने तोच हिशेब पुन्हा चुकवू नये म्हणून करायचा असतो.